तीन दुर्बिणींचा तक्ता

१

तीन दरपत्रकं हातात आल्याशिवाय श्रीरंग आजगावकरांनी आयुष्यात काही घेतलं नव्हतं. पंखा, पलंग, सहाव्या मजल्यावरचा हा पूर्वेकडे तोंड केलेला फ्लॅट, सगळं तीनातून एक. लग्नसुद्धा तिसरी मुलगी पाहिल्यावर ठरवलं. हे त्यांनी यमुनाबाईंना कधीतरी थट्टेने सांगितलं, तेव्हा त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या होत्या, "माझ्याकडे आलेले तुम्ही पहिलेच. मलाही तिघं बघायला मिळाले असते तर बरं झालं असतं."

एकतीस वर्षं श्रीरंगरावांनी एका सरकारी कचेरीच्या शस्त्रपरवाना शाखेत कारकुनी केली. हजारो बंदुका त्यांच्या टेबलावरून गेल्या, कागदाच्या रूपाने. प्रत्यक्ष बंदूक हाताला लागली ती निवृत्तीनंतर, रायफल क्लबात नाव घातल्यावर, आणि तीही छऱ्याची. दहा मीटरवरच्या कागदाला ते नेमाने भोक पाडत. भोक कागदावर कुठे पडे, हा तपशिलाचा भाग.

त्याच क्लबात त्यांचा मेहुणा बळीराम यायचा. तीनशे मीटरच्या निशाण्यात त्याचा हात धरणारा क्लबात कोणी नव्हता. एकाच बाकाच्या दोन टोकांना दोघं बसत आणि मधल्या रिकाम्या जागेला सगळ्यांनी ‘खाडी’ असं नाव ठेवलं होतं. सहा वर्षांत दोघांमध्ये शब्द नव्हता.

कारण साधं होतं. बळीरामची भातशेती खाडीपलीकडे, कामणच्या अंगाला. बाप गेल्यावर बापाची रायफल आपल्या नावावर व्हावी म्हणून त्याने अर्ज केला. तो नेमका श्रीरंगरावांच्या टेबलावर आला. त्यांनी त्यावर लिहिलं: ‘जवळच्या नातेवाइकाचे प्रकरण. दुसऱ्या टेबलाकडे वर्ग करावे.’ शेरा निर्दोष होता. मग ते प्रकरण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर असं दोन वर्षं हिंडलं. तेवढे दिवस रायफल पोलीस चौकीत पडून राहिली, रानडुकरांनी दोन हंगाम भात तुडवलं, आणि दुसऱ्या हंगामात बांधावर एका डुकराने बळीरामची मांडी फाडली. तो लंगडत लंगडत चौकीतून बंदूक घेऊन आला आणि म्हणाला, "त्या कारकुनाच्या घरचं पानी बी नको."

आता बळीरामच्या मुलीचं, तेजस्वीचं लग्न ठरलं होतं. पत्रिका अख्ख्या तालुक्यात गेली, आत्याकडे आली नाही.

"त्याच्या जुन्या दुर्बिणीला मोतीबिंदू झालाय म्हणतात क्लबात," यमुनाबाई म्हणाल्या. "बंदुकीवरची ती. तुम्ही नवीन द्या."

"मी? का म्हणून?"

"परवाना दिला नाहीत, दुर्बीन तरी द्या." रागावल्या की त्यांच्या बोलण्यातले सगळे ‘ण’ माहेरी निघून जात. "ऐका, तेजूच्या मांडवात मी उभी राहनार. तुम्ही आनून दिलीत तर तुमची बायको म्हनून, नाय दिलीत तर एकटी. मग परत येनार नाय."

चाळीस वर्षांत यमुनाबाई एक वाक्य दोनदा बोलल्या नव्हत्या. श्रीरंगरावांनी कोरा कागद घेतला, त्यावर तीन रकाने आखले, आणि डोक्यावर लिहिलं: तुलनात्मक तक्ता.

२

क्लबातले जुने जाणते रोनाल्ड भुईगावला राहत. वाडीत केळी, घरात विकायच्या दुर्बिणी. बायको गेल्यापासून दोन्हींची निगा ते सारख्याच मायेने राखत. श्रीरंगराव रिक्षातून उतरले तेव्हा ते ओट्यावर बसून एका भिंगावर फुंकर घालत होते.

"शिकारीला उजेड लागतो, साहेब, आणि निशाण्याला पॉवर," रोनाल्ड म्हणाले. "डुक्कर संध्याकाळी येतो, झाडीतून पळतो. तेव्हा पॉवर कमी पायजे, म्हणजे आजूबाजूचं दिसतं. कागदाचं निशाण कुठे पळत नाय. तिकडे पॉवर जास्ती पायजे. दोन्ही कामं एकात पायजे तर मधली घ्यायची. आणि मधली वस्तू कोणालाच आवडत नाय."

"मला तीन द्या. बघून ठरवतो."

रोनाल्डनी तीन काढून दिल्या. पहिली हलकी, नऊपट दाखवणारी. दुसरी सोळापट, तिच्या कुशीला एक चक्री. ती फिरवली की जवळचं-लांबचं स्पष्ट होतं. तिसरी चोवीसपट, हातभर लांब, वरवंट्यासारखी जड. तिन्हींच्या आत बारीक फुली आणि फुलीच्या रेघांवर ठिपके.

"ठिपक्यांवर अंतर मोजता येतं. वस्तूची उंची मीटरमध्ये घ्या, हजाराने गुणा, जितके ठिपके भरले तितक्यांनी भागा. आलं अंतर."

हिशेबी माणसाला यापेक्षा मोठं सुख नाही. श्रीरंगरावांनी सूत्र तिथल्या तिथे टिपून घेतलं.

"फक्त एक," पिशवीची नाडी बांधताना रोनाल्ड म्हणाले. "क्लबात पाटी आहे ना, माणसावर नळी धरू नका, रिकामी असली तरी?"

"आहे. मीच शुद्धलेखन सुधारून दिलं."

"ते दुर्बिणीलापण लागू. माणूस दिसला तर भिंगावरून डोळा काढायचा. आणि मोजायचा तर नायच."

"पण पाटीवर नळी लिहिलंय. नळीच जोडलेली नसेल तर नियम लागू होत नाही."

 रोनाल्डनी पिशवी त्यांच्या हातात दिली. "तुम्ही ऑफिसात चांगलं काम केलं असेल," ते म्हणाले.

श्रीरंगरावांनी ती स्तुती समजून घेतली.

३

दुपारी चारला ऊन इमारतीच्या मागे जाई आणि समोरचा सगळा मुलूख उजळून निघे. सोडून दिलेली मिठागरं, त्यापुढे खाडीचा फाटा, फाट्यावर बांध, बांधाच्या मध्यावर उघाडी. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून लाकडी झडपांचा दरवाजा असतो तीच ही. उघाडीला दोन खांब. ते यमुनाबाईंच्या वडिलांनी उन्हात उभं राहून बांधून घेतले होते, आठ फुटी. म्हणजे दोन पूर्णांक चार मीटर.

श्रीरंगरावांनी गॅलरीच्या कठड्यावर लोड ठेवला, लोडावर पहिली दुर्बीण, बाजूला चहा आणि तक्ता. खांब तीन ठिपके भरला. चोवीसशे भागिले तीन, आठशे. मोबाइलच्या नकाशात गॅलरी ते उघाडी आठशेच होतं. आनंदाने त्यांचा चहा निवला.

उघाडीजवळ एक माणूस उभा होता.

त्यात विशेष काही नव्हतं. बांधावर माणसं असतात, कोणी जाळं लावतं, कोणी नुसतंच बसतं. हा उभा होता, इकडे तोंड करून. दोन्ही हात बाजूला सरळ सोडलेले, शाळेत प्रार्थनेला उभे करतात तसे. पाय गवतात बुडाले होते. श्रीरंगरावांनी डोळा काढला आणि नुसत्या नजरेने पाहिलं. बांध रेघेसारखा दिसला, माणूस दिसला नाही. एकसष्टाव्या वर्षी आठशे मीटरवरचा माणूस नुसत्या डोळ्यांनी दिसतो असं म्हणणारा एक तर गरुड असतो, नाही तर खोटा साक्षीदार.

अंतराची दुसरी खात्री होऊन जाईल, असं त्यांच्या मनात आलं. माणसाची उंची त्यांनी एक पूर्णांक सहा मीटर धरली, सरासरी. त्याच्या पायाशी एक ठिपका आला, डोक्याशी तिसरा. मध्ये दोन घरं.

सोळाशे भागिले दोन. आठशे.

श्रीरंगरावांनी तक्त्यात, पहिल्या दुर्बिणीपुढे, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘उघाडीजवळ मनुष्य, एक. अंतर ८०० मी. मोजणी अचूक.’ खाली बारीक सही केली. गरज नव्हती, पण हाताची सवय.

४

दुसऱ्या दिवशी चारला दुसरी दुर्बीण.

खांब तीन ठिपके. माणूस तिथेच, तसाच. तक्त्यासाठी श्रीरंगरावांनी तोही मोजला, आणि पुन्हा मोजला.

चार ठिपके.

सोळाशे भागिले चार, चारशे. निम्म्यावर. त्यांना राग आला तो दुर्बिणीचा. काही दुर्बिणींत ठिपके ठरावीक पॉवरवरच खरे उतरतात, हे त्यांनी वाचलं होतं. त्यांनी पॉवर तपासली, बरोबर होती. मग पुन्हा खांब मोजला. ठिपके चुकले असते तर खांबही चुकला असता. खांब तीनच भरला. कालचा आठ फुटी खांब आजही आठ फुटीच होता आणि त्याच्याशेजारचा माणूस आज दहा फुटांच्या वर गेला होता.

किंवा तो खांबाच्या शेजारी नव्हता. खांबाच्या अलीकडे होता, आणि खांब नुसता त्याच्या मागे दिसत होता.

हे पटण्यासारखं होतं. श्रीरंगरावांनी घटकाभर समाधान मानलं, मग कागदावर एक तिरकी रेघ काढली. वरचं टोक आपला डोळा, जमिनीपासून वीस मीटर. खालचं टोक उघाडी. रेघेच्या मध्यावर, चारशे मीटरवर, रेघ जमिनीपासून दहा मीटर वर होती. म्हणजे तो माणूस मिठागराच्या वर, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, उभा होता.

"यमुना, जरा ये बघू इकडे."

"पोळ्या लाटते. काय झालं?"

 श्रीरंगरावांनी दुर्बिणीच्या कुशीची चक्री फिरवली. बांध धूसर झाला, खांब वितळले, खाडीच्या पाण्याचा राखाडी पट्टा झाला. माणूस तसाच राहिला, स्पष्ट, कोरीव. चक्री उलटी फिरवली. अलीकडची तिवरं स्पष्ट झाली, पानन्‌पान. माणूस तसाच. चक्रीचा आणि त्याचा काही संबंध नव्हता.

भरती येत होती. गवत पाण्याखाली गेलं. त्याचे पाय अजूनही कशात तरी बुडालेले दिसत होते, पण गवत तर आता नव्हतं.

"काय म्हणत होता?" यमुनाबाई पिठाच्या हातांनी दारात आल्या.

"काही नाही. उघाडीवर कोणी असतं का गं या दिवसांत?"

"कोन असनार? बळीरामने कुंपन घातलंय दोन्हीकडून. डुकराने धरला त्याला तिथेच." त्या आत वळल्या. "तुम्हाला ठाऊक असेल. तुमच्या फायलीत असेल."

तक्त्यात त्यांनी लिहिलं: ‘मोजणीत तफावत. अभिप्राय राखून ठेवला.’

५

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण तीनातली दोन दरपत्रकं पाहून खरेदी करणं म्हणजे थेट गैरव्यवहार. तिसऱ्या दिवशी चारला तिसरी दुर्बीण लोडावर चढली.

खांब तीन ठिपके.

माणूस आठ.

आठ ठिपके म्हणजे दोनशे मीटर. सोसायटीच्या भिंतीच्या जरासा पलीकडे, पंधरा मीटर उंच. चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये. श्रीरंगरावांना आता आकडेमोडीला कागद लागला नाही. तो रस्त्याने येत नव्हता, बांधाने येत नव्हता. उघाडीपासून श्रीरंगरावांच्या डोळ्यापर्यंत जी सरळ रेघ जात होती, तिच्यावरून तो येत होता, आणि ती रेघ त्यांनी स्वतः आखली होती.

त्याच्या अंगात सदरा होता, मातकट रंगाचा. चोवीसपट पॉवरमध्ये चेहरा दिसायला हवा होता. दिसला नाही, कारण फुलीचा मध्य नेमका त्याच्या तोंडावर आला होता. श्रीरंगरावांनी दुर्बीण केसभर डावीकडे सरकवली. उघाडी सरकली. खाडी सरकली. फुली त्याच्या तोंडावरच राहिली. उजवीकडे सरकवली. सगळा मुलूख इकडचा तिकडे झाला आणि तो मध्ये उभा राहिला, हात सरळ खाली सोडून, फुलीच्या आड तोंड धरून.

त्यांनी डोळा काढला. समोर चारचं सोनेरी ऊन, बगळे, दूर महामार्गाकडची घरघर. सोसायटीच्या भिंतीवर एक मांजर बसलं होतं, ते वर हवेत बघत होतं. मांजरं कुठेही बघतात.

त्यांनी रोनाल्डना फोन लावला.

"दुर्बिणी उत्तम आहेत," ते म्हणाले. "एक शंका होती. ठिपक्यांत काही दोष असतो का? म्हणजे एखादी वस्तू रोज मोठी दिसते, असा?"

पलीकडे केळीची पानं वाजत होती.

"माणूस मोजला काय तुम्ही?"

"नाही," श्रीरंगराव म्हणाले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतकं झटकन उत्तर कधी दिलं नव्हतं.

"नाय ना? मग झालं," रोनाल्ड म्हणाले. "मग काय विचारता?" आणि फोन ठेवून दिला.

६

चौथा दिवस त्यांनी दुर्बिणी पिशवीत ठेवून काढला. पाचव्या दिवशी त्यांना वाटलं, आपण भ्यालो. भ्यालेल्या कारकुनाचा तक्ता अपुरा राहतो. पहिली दुर्बीण हलकी, कमी पॉवरची, आणि तिच्यात पहिल्या दिवशी हिशेब बरोबर आला होता. तिच्यातून एकदा पाहिलं की सोक्षमोक्ष.

चार वाजता त्यांनी ती लोडावर ठेवली आणि डोळा लावला.

काहीच दिसलं नाही. नुसता मातकट अंधार. पुढचं झाकण काढायचं राहिलं, म्हणून ते स्वतःवरच हसले, आणि झाकण काढायला हात पुढे नेला. झाकण हातातच होतं. डाव्या हातात, मघापासून.

डोळा अजून भिंगाला लागलेला होता. मातकट रंगाला आता पोत दिसू लागला. आडवे-उभे धागे. मध्ये एक बटण. बटणाला चार भोकं, आणि ती काळ्या दोऱ्याने शिवलेली, घाईघाईने, आडवीतिडवी. धागे हळूच पुढे आले. हळूच मागे गेले. पुन्हा पुढे आले.

श्वास घेताना छातीवरचं कापड तसं हलतं.

ते मागे सरकले ते दाराच्या चौकटीवर आदळेपर्यंत. गॅलरीत कोणी नव्हतं. लोड होता, लोडावर दुर्बीण, वर कपडे वाळत घालायची दोरी. त्यांची बुद्धी लगेच धावून आली. दोरीवर सदरा असेल. वाऱ्याने भिंगापुढे आला असेल. चार भोकांचं बटण काय, कुठल्याही सदऱ्याला असतं.

"यमुना, दोरीवर माझा सदरा होता का गं?"

"कपडे दुपारीच काढले मी," आतून आवाज आला. "घड्या घालून ठेवल्यात. का?"

रात्री जेवताना त्यांनी निवड जाहीर केली. तिसरी. जड आहे, पण निशाण्याला उत्तम, आणि पॉवर उतरवली की डुकरांनाही चालेल. बाकीच्या दोन भुईगावला परत. घरात एकही नको.

"चांगली आहे ना?" यमुनाबाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता. "त्यात काही खोट नाही ना? नाहीतर पुन्हा म्हणेल, कारकुनाने फसवलं."

"तक्त्यात सगळं आहे."

तक्त्याची त्या रात्री त्यांनी स्वच्छ प्रत काढली. वजन, पॉवर, भिंगाचा व्यास, उजेड. शेऱ्याचा रकाना प्रतीत घेतला नाही. मूळ कागद बारीक फाडून संडासात सोडला. बळीरामची नजर चांगली आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. जे काही असेल ते तो बघून घेईल. प्रकरण योग्य त्या टेबलाकडे जातंय.

खूप वर्षांनी त्यांना गाढ झोप लागली.

७

सकाळी यमुनाबाई नवी साडी नेसून, दुर्बीण मांडीवर घेऊन, रिक्षाने माहेरी गेल्या. श्रीरंगरावांनी यावं असं त्यांनी म्हटलं नाही आणि श्रीरंगरावांनीही विचारलं नाही. एक वर्ग झालेलं प्रकरण न्यायला दोन माणसं लागत नाहीत.

साडेनऊला फोन आला. यमुनाबाईंच्या आवाजात रडणं आणि हसणं एकत्र होतं.

"घेतली त्याने. लगेच बंदुकीवर चढवली. आम्ही सगळी बांधावर आलोय, उघाडीपाशी. तेजूपण आहे. पत्रिका दिली मला, हळदीकुंकू लावून. अहो, गॅलरीत या ना. बळीरामला दिसता का बघू."

"बंदुकीवरून बघतोय तो?"

"फोन दे इकडं, ताई." मागून बळीरामचा आवाज आला, सहा वर्षांनी. "काय भावोजी, घाबरला काय? बोल्ट काढून ठेवलाय. तुमच्यासारख्यावर गोळी कोन वाया घालवतो? परवाना लागेल त्याला, दोन वर्षं."

पलीकडे बायका हसल्या. श्रीरंगरावही हसले, आणि आपण हसलो याचं त्यांना नवल वाटलं. बळीराम टोमणा मारतोय म्हणजे बळीराम बोलतोय. ते गॅलरीत आले. सकाळचं ऊन थेट अंगावर पडलं. समोर सगळा मुलूख झळझळत होता, आणि त्यापलीकडे बांधाची रेघ. रेघेवर त्यांना कोणी दिसलं नाही. तिथे चार-पाच माणसं होती, बंदूक होती, आणि नुसत्या डोळ्यांना त्यातलं काहीच दिसत नव्हतं.

"आलो," ते म्हणाले. "दिसतो का?"

"थांबा. सहावा माळा ना? निळं पिंप?"

"हो, पिंपाच्या शेजारीच."

"हां, दिसले. गंजीफ्रॉक घातलाय. पोट सुटलं की वो तुमचं." बळीराम मोजायला लागला, आणि श्रीरंगरावांना त्याला थांबवायचं होतं, पण काय सांगून थांबवायचं ते सुचेना. "दोन ठिपके. आठशे मीटर. चोख हाय दुर्बीन. एवढी एक गोष्ट तुम्ही बरी केली." मग, "पावना आलाय काय घरी?"

"कोण पाहुणा?"

"तुमच्या पाठी उभा हाय तो."

वाऱ्याने दोरी हलली. दोरीवर काही नव्हतं.

"बळीराम," श्रीरंगराव म्हणाले. आवाज आपला असूनही त्यांना तो फायलीतल्यासारखा कोरडा ऐकू आला. "घरात कोणी नाही. यमुना तुझ्याकडे आहे."

"अवो हाय की. मातकट सदरा. हात खाली सोडून उभा हाय, साळंतल्या पोरागत. त्याचे पन दोनच ठिपके. तुमच्या एवढाच. तोंड दिसत नाय, फुली आड येते." बळीरामच्या आवाजातली थट्टा ओसरत चालली होती. "ए ताई, तू बघ गं. नको, नको, तू थांब."

मागे वळावं असं श्रीरंगरावांना वाटलं नाही. मान वळवण्याएवढी साधी गोष्ट, पण तिच्यावर सही कोणी करायची? ते कठड्याला घट्ट धरून समोर बघत राहिले, त्या रेघेकडे, जिथून त्यांना पाहू शकणारं एकमेव माणूस आठशे मीटर लांब होतं आणि सहा वर्षं त्यांच्यावर रागावलेलं होतं.

"भावोजी," बळीराम म्हणाला. "आता एकच दिसतोय."

श्रीरंगरावांचा श्वास सुटला. "गेला?"

"एकच हाय. पाठचं ऊन येतंय भिंगात, नीट कळत नाय. तुम्ही एक करा. हात वर करा बघू."

श्रीरंगरावांनी उजवा हात वर केला. चांगला उंच, कानाला लावून, बोटं पसरून. ऊन बोटांतून गेलं. त्यांनी स्वतःचा हात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

"केला?" बळीरामने विचारलं.

"केला. केव्हाचा केलाय."

 यमुनाबाईंनी काहीतरी विचारल्याचं अस्पष्ट ऐकू आलं, आणि बळीरामने त्यांना गप्प केल्याचं.

"नाय केला," बळीराम म्हणाला. "हात खालीच हायत. दोन्ही."